डबकं बुजवण्याआधी

१९८० च्या दशकात कोस्टारिकाच्या आणि पुढे पनामाच्या डोंगराळ जंगलांमधले बेडूक झपाट्यानं मरू लागले. कातडीवर वाढणारी एक बुरशी त्याला कारण होती. कायट्रिड या नावानं ती आज ओळखली जाते. बेडकांची ही साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे एकेक भाग ओलांडत गेली आणि तिच्या मागोमाग, जवळपास त्याच क्रमानं, माणसांमधला मलेरिया वाढत गेला. दोन्ही देशांच्या जुन्या नोंदी शेजारी ठेवून केलेला हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत वाईट काळात दर हजार लोकांमागे वर्षाला साधारण एक रुग्ण जादा निघत होता. बेडूकमासे डासांच्या अळ्या खातात, त्यांच्या वाटणीचं अन्न संपवतात. मोठे बेडूक उडते डास टिपतात. ही फळीच नाहीशी झाल्यावर डासांना मोकळं रान मिळालं, असा संशोधकांचा निष्कर्ष.

‘बेडूक गेले तर आपलं काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्याला सांगायला एवढं उदाहरण पुरेसं आहे.

बेडूक, भेक, सॅलॅमँडर आणि गांडुळासारखे दिसणारे देवगांडूळ हे सगळे उभयचर. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये आज सर्वाधिक धोक्यात असलेला गट हाच. २०२३ मध्ये जगभरातल्या ८,०११ उभयचर प्रजातींचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ४१ टक्के प्रजाती नष्ट होण्याच्या वाटेवर असल्याचं दिसलं. पक्षी किंवा सस्तन प्राण्यांची स्थितीही यापेक्षा बरी आहे. कायट्रिड बुरशीमुळे किमान ५०१ प्रजातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या संपल्या, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. कोस्टारिकाच्या माँतेवेर्देतला सोनेरी भेक १९८९ नंतर कुणालाही दिसलेला नाही. २००४ पर्यंतच्या घसरणीला मुख्यतः रोग आणि अधिवासाचा नाश जबाबदार होते. त्यानंतरच्या घसरणीत बदलत्या हवामानाचा वाटा सर्वांत मोठा, जवळजवळ ३९ टक्के, निघाला.

ही बुरशी सह्याद्रीतही आहे. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर तिचा आशियातलाच एक वाण सापडल्याचं २०१३ मध्ये नोंदवलं गेलं. अमेरिका-ऑस्ट्रेलियात झाले तसे सामूहिक मृत्यू इथे दिसलेले नाहीत. बहुधा या वाणाशी इथल्या बेडकांचा परिचय जुना असावा. पण म्हणून निर्धास्त राहण्यासारखं काही नाही, कारण महाराष्ट्र-गोव्यात बेडकांना मारायला बुरशीची गरजच पडत नाही. रस्ता, जेसीबी, तणनाशक आणि प्लॅस्टिकचं शेततळं एवढं त्यासाठी पुरतं.

याच्या उलट बाजूही आहे. सामान्य माणसाच्या हातात बुरशी नसली, तरी या चारही गोष्टी आहेत.

आधी बेडकाची गरज समजून घ्यायला हवी. त्याला एक जागा पुरत नाही. बहुतेक प्रजातींना अंडी घालायला पाणी लागतं, उरलेलं वर्ष काढायला जमीन लागते आणि या दोन्हींमधली वाट सुरक्षित लागते. यातलं एक जरी तुटलं तरी उरलेल्या दोन्हींचा उपयोग नाही. त्यात प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मोठा राणा बेडूक जूनच्या पहिल्या जोरदार पावसात भातखाचरात उतरतो आणि नर हळदीसारखे पिवळेधमक होतात. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात. झुडपांमधल्या इवल्या बेडकांना तर डबकंही लागत नाही. त्यांच्या अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो, बेडूकमाशाची अवस्था अंड्याच्या आतच उरकते. त्यांना हवा असतो ओला पालापाचोळा. आंबोलीचा वाघ्या भेक जांभ्या कातळावरच्या उथळ, पावसापुरत्या डबक्यांत अंडी घालतो. २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेली ही प्रजाती आंबोलीच्या आसपासच सापडते आणि अतिसंकटग्रस्त मानली जाते. कातळावरचं चार बोटं पाणी हेच तिचं सर्वस्व.

म्हणून पहिली सूचना डबकं बुजवण्याआधी थांबण्याची.

कोकणातले सडे, म्हणजे जांभ्या कातळाची पठारं, सरकारी कागदांवर अनेकदा पडीक जमीन म्हणून नोंदलेले असतात. सुरुंग लावून, बाहेरून माती आणून तिथे आंबा-काजूच्या बागा उभ्या राहतात, कुठे चिरेखाणी निघतात. मालकाला उत्पन्न हवंच, त्यात गैर काही नाही. पण बाग लावतानाही कातळावरच्या पाणी साठणाऱ्या खळग्यांचा एखादा पट्टा तसाच ठेवता येतो. तिथे कलम धरायचं नसतंच, खर्चही काही येत नाही. शहरात इमारतीच्या आवारातला ओलसर कोपरा, मैदानाच्या कडेचा पावसाळी खोलगट भाग, जुन्या विहिरीभोवतीचं गवत यांना फरशी बसवण्याचा प्रस्ताव सोसायटीच्या सभेत आला, तर एका सभासदानं तरी हात वर करून विरोध करावा. फरशीचा सोस ही शहरी बेडकांवरची सर्वांत मोठी आपत्ती आहे. फ्लॅटधारकांना ती स्वच्छता वाटते, एवढाच काय तो फरक.

यावर हमखास प्रश्न येतो डेंग्यूचा. प्रश्न रास्त आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे दाट वस्तीत, बाल्कनीत किंवा गच्चीवर हौसेनं टबभर पाणी साठवून ‘बेडूकतळं’ करण्याचा सल्ला इथे दिलेला नाही. तिथे बेडूक पोचणारही नाहीत, डास मात्र पोचतील. कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, नारळाच्या करवंट्या, बादल्या दर आठवड्याला रिकाम्या करायलाच हव्यात. ज्यांच्याकडे जमिनीवर अंगण आहे, परस आहे, फार्महाऊस आहे, त्यांनी मात्र छोटं तळं जरूर करावं. एक बाजू उतरती ठेवावी, म्हणजे बेडकाला चढून बाहेर येता येईल. तळाशी माती आणि दगड असावेत, काठावर गवत आणि थोडी सावली हवी. भरायला पावसाचं पाणी उत्तम. नळाचं वापरायचं तर एक-दोन दिवस उघडं ठेवून मग ओतावं, क्लोरीन उडून जातो. अशा तळ्यात चतुरांच्या अळ्या आपोआप येतात आणि डासांचा बराचसा बंदोबस्त त्याच करतात.

त्यात मासे सोडू नयेत. डासांवर उपाय म्हणून गप्पी आणि गॅम्बुशिया मासे वाटले जातात, पण हे मासे बेडकांची अंडी आणि कोवळी पिल्लंही खातात. गॅम्बुशिया तर जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. सिमेंटच्या बंद टाकीत ते असले तर असोत. ओढ्यात, देवळाच्या तळ्यात, शेतातल्या डबक्यात सोडायचं कारण नाही. तिलापियाचीही तीच गत. आफ्रिकन मांगूर पाळायला तर देशात २००० पासूनच बंदी आहे, तरीही तो नद्यांमध्ये पोचलेला आहे. दुसऱ्या गावाहून बाटलीत भरून आणलेले बेडूकमासेही आपल्या तळ्यात सोडू नयेत, त्यांच्याबरोबर रोग येतो. तळं तयार असेल आणि परिसरात बेडूक असतील तर ते स्वतःहून येतात.

परसात पाचोळा जाळू नये. पानांचा ढीग, उपडी ठेवलेली फुटकी कुंडी, दगडांच्या फटी, एवढ्यावर भेक वर्षानुवर्षं तग धरतो. झाडावर किंवा टाकीच्या कडेला पांढरट फेसाचा गोळा दिसला तर ती घाण समजून धुऊन टाकू नये; चुनाम बेडकाचं घरटं असण्याची शक्यता मोठी. आणि न्हाणीघरात भेक आला तर मीठ किंवा फिनेल टाकणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. बेडकाची कातडी पाणी आणि हवा शोषून घेते, तशीच ती विषही शोषते. मिठानं तो तडफडून मरतो. वर डबा ठेवावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि बाहेरच्या ओल्या कोपऱ्यात सोडून द्यावा. भेकाला हात लागल्यानं चामखीळ येत नाही. चामखीळ विषाणूमुळे होते आणि तो विषाणू माणसाकडूनच माणसाकडे येतो. कुत्र्यानं भेक तोंडात धरला तर मात्र त्याचं तोंड ताबडतोब भरपूर पाण्यानं धुवावं आणि पशुवैद्यकाला दाखवावं, कारण भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींमध्ये विष असतं.

आता शेताकडे. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत शेततळी मोठ्या संख्येनं झाली. ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना २०१६ मध्ये सुरू झाली. पाणी मुरू नये म्हणून अनेक तळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तरीकरण करतात. या गुळगुळीत, तीव्र उताराच्या कडांवरून आत पडलेला प्राणी वर येऊ शकत नाही. झाडावरचा बेडूक बोटांच्या गाद्यांच्या जोरावर चढून जाईल, पण भेक आणि जमीन उकरणारे बेडूक पोहून पोहून थकतात आणि बुडतात. मुंगूस, साप, सायाळ यांचंही तेच होतं. उपाय इतका साधा आहे की तो शेततळ्याच्या अंदाजपत्रकातच असायला हवा होता. काथ्याचा जाड दोर हातभर अंतरावर गाठी मारून किंवा गोणपाटाची लांब पट्टी शिवून तळ्याच्या चारही कोपऱ्यांत सोडावी. एक टोक बाहेर खुंटीला बांधावं, दुसऱ्याला दगड बांधून तळापर्यंत जाऊ द्यावं, म्हणजे पाणी कितीही उतरलं तरी शिडी पाण्याला टेकलेली राहील. दगड गोणपाटात गुंडाळला की प्लॅस्टिकला भोक पडत नाही. नायलॉनची बारीक जाळी वापरू नये, तिच्यात साप अडकून मरतात. कठडा नसलेल्या विहिरी, पाण्याचे हौद, उघडे चेंबर यांनाही एक तिरकी फळी पुरते. हे काम मे महिन्यात व्हायला हवं. जूनमध्ये उशीर झालेला असतो.

फवारणीबद्दल शेतकऱ्याला उपदेश करणं सोपं असतं, मजुरीचे दर पाहिले तर तणनाशक का मारलं जातं तेही कळतं. तरी काही गोष्टी पैसे न घालवता करता येतात. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी धुऊ नये. पाण्याच्या कडेचा पाच-सात पावलांचा पट्टा फवारणीतून वगळावा. पावसाचा रंग दिसत असताना फवारू नये, औषधही वाया जातं आणि सगळं वाहून डबक्यात उतरतं. ग्लायफोसेटच्या बाटलीत पानाला औषध चिकटावं म्हणून जे सहायक रसायन मिसळतात, ते बेडूकमाशांना विशेष घातक असल्याचं अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं आहे. ऊस आणि मक्यात वापरल्या जाणाऱ्या ॲट्राझिनचं प्रकरण आणखी चमत्कारिक. कॅलिफोर्नियातले संशोधक टायरोन हेज यांनी २०१० मध्ये दाखवलं की, अगदी अल्प मात्रेत वाढवलेल्या नर बेडकांपैकी सुमारे दहा टक्के मोठेपणी पूर्ण मादी झाले, त्यांनी अंडीही घातली. उत्पादक कंपनीला हे निष्कर्ष मान्य नाहीत आणि हा वाद वर्षानुवर्षं गाजतो आहे. वाद मिटेपर्यंत ते ओढ्यात जाऊ न देणं शहाणपणाचं. बांधही सगळे कोरून काढू नयेत, जाळू नयेत. भाताच्या दोन हंगामांमधले महिने बेडूक त्याच बांधांच्या भेगांत आणि मातीत काढतो.

रस्त्यांचा प्रश्न मोजक्या रात्रींचा आहे. जूनच्या सुरुवातीच्या जोरदार सरींनंतर अंधार पडला की बेडूक घोळक्यानं पाण्याकडे निघतात आणि वाटेतला डांबरी रस्ता त्यांना कळत नाही. आंबोलीसारख्या वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या ठिकाणी सकाळी रस्त्यावर चिरडलेल्या बेडकांचे थर दिसतात. त्या काळात जंगलातून, भातशेतीतून जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळावा, नाहीतर वेग तीस-चाळीसच्या खाली ठेवावा. ब्रिटनमध्ये फ्रॉगलाइफ या संस्थेच्या उपक्रमात स्वयंसेवक वसंतातल्या रात्री बादल्यांतून भेक रस्त्यापलीकडे नेऊन सोडतात. आपल्याकडेही हे करता येईल, पण घाटात नको. धुकं, पाऊस, वळणं आणि पर्यटकांच्या गाड्या यांत बेडकासाठी माणसाचा जीव पणाला लावण्यात अर्थ नाही. कॉलेजचं आवार, वसाहतीतले रस्ते, गावातली आतली वाट अशा ठिकाणी चमकणारी जाकिटं घालून दोन-चार जणांनी हे काम करावं. हात स्वच्छ आणि ओले असावेत. सनस्क्रीन, डास पळवणारं मलम, सॅनिटायझर लावलेले हात बेडकाला लावू नयेत. तो ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूला सोडावा. ‘इथे धोका आहे’ म्हणून गाडीत घालून दूरच्या तळ्यावर नेणं ही मदत नव्हे. दरवर्षी एकाच ठिकाणी बेडूक मरत असतील तर तारीख, वेळ आणि फोटोंसह नोंद ठेवावी. रस्त्याखालून मोरी किंवा पाइप मागण्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जाताना अशी दोन-तीन पावसाळ्यांची वही रिकाम्या हातांपेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

बेडकांवर प्रेम करणाऱ्यांनाही थोडं खडसावणं भाग आहे. पावसाळी ‘हर्पिंग’ सहली, म्हणजे बेडूक-साप शोधायला निघणं, आता जोरात आहेत. रात्री टॉर्च घेऊन दगड उलथणं, बेडूक पकडून सुंदर पानावर बसवणं, समागमातल्या जोडीवर एकामागून एक फ्लॅश मारणं आणि त्याला निसर्गप्रेम म्हणणं, हे सगळं तिथे चालतं. फोटो जिथे बेडूक बसला आहे तिथूनच काढावा, उलथलेला दगड होता तसा परत ठेवावा, ओढ्याच्या पात्रातून पन्नास जणांनी चालू नये. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बूट. कायट्रिड ओल्या चिखलातून एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाते, पूर्ण कोरडं पडलं की मरते. प्रत्येक ठिकाणाहून परतताना बुटांचा चिखल ब्रशनं काढावा, बूट धुऊन कडकडीत वाळवावेत. पावसाळ्यात ऊन मिळत नाही हे खरं, मग पातळ ब्लीचच्या पाण्यात बुडवून, ओढ्यापासून दूर नीट धुवावेत, किंवा दुसरी जोडी न्यावी.

राणा बेडकाची शिकार हा जुना दुखरा विषय. १९८७ पर्यंत भारतातून बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेत हजारो टनांनी निर्यात होत होत्या. भातशेतीतले बेडूक संपत चालले म्हणून त्याविरुद्ध झटणाऱ्यांमध्ये मुंबईचे हुमायूं अब्दुलअली होते. त्यांचंच नाव लावणारा एक बेडूक सह्याद्रीच्या ओढ्यांत राहतो, त्याला बॉम्बे नाइट फ्रॉग म्हणतात. निर्यात बंद झाली तरी गोव्यात पावसाळ्यात ‘जम्पिंग चिकन’च्या नावाखाली राणा बेडूक ताटात येतोच. तो नेमका अंडी घालायला बाहेर पडलेला असताना मारला जातो, म्हणजे त्याच्याबरोबर पुढची पिढीही जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे. हॉटेलात विचारणा झाली तर नकार द्यावा आणि वनखात्याला कळवावं. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. पाऊस लांबला की काही भागांत धोंडी काढताना कडुनिंबाच्या डहाळीला जिवंत बेडूक बांधतात, तिथे मातीचा बेडूक वापरला तर प्रथेचं काही कमी होणार नाही.

नोंदी करणं हे सर्वांत कमी कष्टाचं काम. सारखे दिसणारे अनेक छोटे बेडूक फक्त आवाजावरून ओळखू येतात, त्यामुळे फोटोपेक्षा अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण पुष्कळदा जास्त मोलाचं ठरतं. मोबाइल ओढ्याच्या खळखळाटापासून थोडा दूर धरावा, तारीख, वेळ, ठिकाण बोलून घ्यावं आणि आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकावं. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या फ्रॉगआयडी या ॲपवर सामान्य लोकांनी असेच आवाज पाठवून देशभराचा बेडकांचा नकाशा उभा केला आहे. दुर्मीळ प्रजातीची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर जाहीर करू नये.

आणि एक कायदेशीर हत्यार प्रत्येक गावाकडे आधीपासून आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका या सगळ्यांना जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशासाठी ती जागा २०२१ मध्ये याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. म्हणजे इवल्या जिवासाठीही हे होऊ शकतं. पण अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात गेली आहे. पुढच्या ग्रामसभेला जाताना ती बाहेर काढायला सांगावी, गावातली डबकी, सडे, तळी आणि बेडूक तिच्यात आहेत का ते पाहावं, आणि नसतील तर तिथेच लिहून घ्यायला लावावं.